आतडे उघडल्याशिवाय अहवाल पूर्ण कसा?

वाहनाच्या धडकेने मेलेल्या एका बिबट्याच्या शवविच्छेदनाला आमच्या एका वाचक-मित्राला बोलावणे आले. पशुधन विकास अधिकारी म्हणून त्यांनी काम नीट केले. छाती-पोट पाहून झाल्यावर लहान आतड्याला कात्री लावली, तर आत पट्टकृमींचा गुंता. त्यांनी एक रिकामी बाटली आणि थोडे इथेनॉल मागितले. उत्तर मिळाले, "साहेब, यादीत व्हिसेराच्या बाटल्या आहेत, जंतांची नाही. वरून परवानगी लागेल." वर फोन लागेपर्यंत अंधार पडला. लाकडे रचून तयार होती. बिबट्याबरोबर कृमीही जळाले आणि अहवालात "आतड्यात जंत आढळले" एवढीच ओळ उरली.

हा प्रसंग कळवणारे त्यांचे पत्र एकटे असते तर आम्ही त्यावर संपादकीय खर्ची घातले नसते. पण याच आशयाची पत्रे वेगवेगळ्या विभागांतून येत आहेत. कुठे बाटली भरली जाते आणि पाठवायची कोणी, हे न ठरल्याने कार्यालयाच्या कपाटात पडून राहते. कुठे ती व्हिसेराबरोबर न्यायसहायक प्रयोगशाळेत जाते आणि महिन्यांनी "विष आढळले नाही" असे उत्तर येते. विषाची तपासणी हवीच, पण विषबाधेचा संशय नसतानाही आतड्याकडे पाहण्याचे दुसरे कोणतेच कारण कागदावर का नसावे? बिबट्याच्या पंचनाम्यात अठरा नखे मोजतात, चार सुळे मोजतात, मिशांची नोंद करतात. चोरटा व्यापार रोखायचा म्हणून हे योग्यच आहे. त्याच मेजावर पडलेल्या आतड्याला मात्र रकाना नाही.

अडचण कायद्याची आहे असे सांगितले जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार मृत वन्यप्राणी सरकारी मालमत्ता, आणि बिबट्या अनुसूची १ मधला. मान्य. पण त्याच्या आतड्यात राहणारा परजीवी हा त्याचा अवयव आहे की नाही, याचे लेखी उत्तर आमच्या एकाही वाचकाला मिळालेले नाही. उत्तर नसेल तर नकार देणे सोपे जाते, आणि प्रत्येक वनपरिक्षेत्रात नवा साहेब नवा अर्थ लावतो.

यात गमावतो काय, हे वन खात्याला आपणच समजावून सांगायला हवे. विष्ठेतल्या अंड्यांवरून टीनिया आणि एकिनोकॉकस वेगळे ओळखता येत नाहीत, हे आपण सारे जाणतो. तरीही "टीनिया प्रजाती" असे लिहून मोकळे होणारे अहवाल आमच्याकडे येतात. बिबट्याच्या बाबतीत गुंतागुंत आणखी वाढते. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी विष्ठेवरून केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्याच्या वजनात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, त्यात एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. आता अशा बिबट्याच्या विष्ठेत डिपिलिडियमचे अंडपुंज किंवा टीनिड अंडी दिसली, तर ती बिबट्याच्या कृमींची, की खाल्लेल्या कुत्र्याच्या आतड्यातून नुसतीच पुढे सरकलेली? विष्ठा याचे उत्तर देत नाही. डोके रुतवून बसलेला कृमी बिबट्याच्याच आतड्यात सापडला तरच बिबट्या त्याचा यजमान ठरतो. म्हणजे निर्णायक पुरावा आपण स्वतःच्या हाताने चितेवर ठेवतो.

आफ्रिकेतला दाखला द्यायला हवा. सिंहातला एकिनोकॉकस फेलिडिस १९३७ साली वर्णिला गेला आणि नंतर ग्रॅन्युलोसस प्रजातीतच जमा केला गेला. तो खरोखर वेगळा आहे हे २००८ मध्ये ठरले. युगांडातल्या सिंहांच्या विष्ठेतली अंडी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका सिंहाच्या कृमीचा, सुमारे चाळीस वर्षे कोणीतरी जपलेला काचपट्टीवरचा छेद, यांचे डीएनए जुळले तेव्हा. पुढच्याच वर्षी वॉर्टहॉग हा त्याचा मध्यस्थ यजमान असल्याचे दिसून आले. तो छेद कोणी फेकून दिला असता तर जुन्या वर्णनाशी आजची अंडी जुळवणार कशाशी?

आणि भक्ष्याची बाजू? तिथे तर आपल्याला परवानगीचे निमित्तही नाही. बिबट्याने मारलेल्या शेळी-वासराच्या भरपाईसाठी आपण बांधावर जातो, मानेवरचे सुळ्यांचे व्रण मोजतो, सही करतो आणि निघतो. यकृत आणि फुप्फुस उघडायला दहा मिनिटे लागतात. हायडॅटिड पुटी आहेत का, वपेवर टेन्युइकॉलिस लटकते आहे का, ही नोंद त्या गावातल्या कुत्र्यांबद्दल आणि ती कुत्री खाणाऱ्या बिबट्याबद्दल बरेच सांगते. शेतात मेलेल्या उंदराच्या यकृतातली पांढरी गाठ फोडली तर आत स्ट्रोबिलोसर्कस सापडू शकतो. रानमांजर आणि वाघाटी यांच्या हायडॅटिजेराचे चक्र तिथूनच पुढे जाते. ऊसपट्ट्यात पाट आणि शेततळी आहेत, म्हणजे सायक्लॉप्स आहेत, बेडूक आहेत, साप आहेत. स्पायरोमेट्राला लागणारे सगळे टप्पे हजर. तरी विष्ठेची तपासणी फक्त तरंग पद्धतीने करायची आणि टोपणाची जड अंडी तळाशी राहिली की "निगेटिव्ह" लिहायचे, ही सवय आता सुटली पाहिजे. अवसादन पद्धत वापरा. निदान चुकले तर उपचारही चुकतो: टीनियाला पुरणारी प्राझिक्वांटेलची मात्रा स्पायरोमेट्राला पुरत नाही. बचाव केंद्रात वर्षानुवर्षे राहणाऱ्या बिबट्यांच्या बाबतीत हा रोजचा प्रश्न आहे.

तेव्हा आमची राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे एकच मागणी आहे. प्रत्येक शवविच्छेदनात आतडे पूर्ण उघडावे, परजीवींचे नमुने घ्यावेत आणि ते ठरवून दिलेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या परजीवीशास्त्र विभागाकडे पाठवावेत, असा एक कायमस्वरूपी आदेश काढा. प्रत्येक मृत जनावरामागे नवी परवानगी नको. नमुन्याची नोंद पंचनाम्यातच करा, म्हणजे मालमत्तेचा हिशेबही राहील.

आदेश निघेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. बोलावणे आले की निघतानाच इथेनॉलच्या बाटल्या पिशवीत टाका आणि परवानगीचा विषय चिता रचण्याआधी काढा. कृमी ओढून काढू नका. मान तुटते, डोके श्लेष्मल पटलात राहते आणि हुकांशिवाय प्रजाती ठरत नाही. आतड्याचा तेवढा तुकडा कापून थंड पाण्यात ठेवा, कृमी सैल होऊन सुटला की ७० टक्के इथेनॉलमध्ये घाला. डीएनएसाठी काही खंड ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळे ठेवा. सगळे फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेत तर जनुकीय तपासणीची वाट लागते. एकिनोकॉकस जेमतेम काही मिलिमीटरचा, तिळाएवढा. तो नुसत्या नजरेला चुकतो, म्हणून श्लेष्मल पटल खरवडून पाण्यात निवळून पाहा. हातमोजे आणि मास्क यांत हयगय नको. ना फॉर्मॅलिनने, ना इथेनॉलने एकिनोकॉकसची अंडी मरतात. त्यासाठी नमुना उणे ७० ते ८० अंशांवर काही दिवस ठेवावा लागतो. ही सोय तुमच्याकडे नसेल तर बाटलीवर तसे स्पष्ट लिहा, उघडणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून आहे.

नमुना घेऊ दिला नाही तर "मागितला, नाकारला" असे अहवालात तारीख-वेळेसह लिहा आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा. व्यक्तींची नावे आम्ही छापणार नाही. पण अशा प्रतींचा गठ्ठा घेऊन आम्हाला मंत्रालयात जायचे आहे, आणि तो गठ्ठा तुम्हीच देऊ शकता.