आळ आणि कबुली

वाचकहो, दिवाळी अंकात गोळ्या आणि इंजेक्शने ह्यांचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी मांडण्यासारखे आहे, हे मला कळते. पण हा विषय माझ्यामागे लागला तो एका शब्दामुळे. आणि एखादा शब्द एकदा मागे लागला की मराठीच्या मास्तराची त्यातून सुटका नसते.

तो शब्द म्हणजे ‘आळ’. आरोप निराळा आणि आळ निराळा. आरोप कुणीतरी करतो, आणि करणाऱ्याला तो सिद्ध करावा लागतो. आळ मात्र नुसता येतो. आणि ज्याच्यावर येतो त्यानेच तो दूर करायचा असतो. चतुर्थीचा चंद्र पाहिल्याचे निमित्त झाले आणि श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला. ‘मी घेतला नाही’ एवढे सांगून प्रत्यक्ष देवाचीही सुटका झाली नाही. रानात जाऊन, जांबवानाशी झुंज घेऊन तो मणी परत आणावा लागला आणि सत्राजिताच्या हातावर ठेवावा लागला. तेव्हा कुठे लोकांची तोंडे बंद झाली.

खेळांतील उत्तेजक द्रव्यांचा कायदा ह्या कथेच्याच वळणाचा आहे. खेळाडूच्या लघवीत किंवा रक्तात बंदी असलेले द्रव्य सापडले की नियमभंग झाला. ते पोटात कसे गेले, कुणी घातले, जाणूनबुजून की नकळत, हे सारे प्रश्न शिक्षा ठरविताना यावयाचे. आणि त्यांची उत्तरे शोधून आणायची ती बहुधा खेळाडूनेच. मणी कुठे आहे ते पोलिसांनी नव्हे, कृष्णाने सांगायचे!

आमचे शेजारी नाना ह्यांना हा कायदा मुळीच पसंत नाही. नाना नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. रोज पहाटे सायकलवरून सोमेश्वरापर्यंत जाऊन येतात. नाशिकला अलीकडे सायकलींचे वेड फार. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे तीन हजार मैलांची शर्यत जोडीने पुरी केली. २०१७ साली नाशिकच्याच डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ ह्यांनी आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ ह्यांनी तीच शर्यत एकेकट्याने पार पाडली. तेव्हापासून आमच्या गल्लीतला प्रत्येक निवृत्त मनुष्य स्वतःला थोडाफार शर्यतीचा घोडा समजू लागला आहे. नानांच्या खोलीत मात्र त्याच्याही आधीपासून एक चित्र होते : पिवळ्या सदऱ्यातला लान्स आर्मस्ट्राँग.

कर्करोगातून उठलेल्या ह्या अमेरिकन माणसाने १९९९ पासून २००५ पर्यंत ‘टूर द फ्रान्स’ ही जगातली सर्वांत मोठी सायकल शर्यत सलग सात वेळा जिंकली. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्याला आपण ‘घाटाचा राजा’ म्हणतो. तसले, पण बोरघाटाहून किती तरी उंच घाट ह्या शर्यतीत तीन आठवडे चढावे लागतात. तेथे प्रश्न असतो रक्तातल्या प्राणवायूचा. आपली मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ‘ईपीओ’, नावाचे एक संप्रेरक तयार करतात. त्याच्या हुकमाने शरीरात तांबड्या रक्तपेशी बनतात. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली अशा रुग्णांसाठी हे द्रव्य कृत्रिम रीतीने बनविण्यात आले. डायलिसिसवरच्या माणसाला ते संजीवनीच. पण धडधाकट सायकलस्वाराने ते टोचून घेतले की त्याचे रक्त दाट होते आणि घाट चढणे सोपे जाते; दाट झालेले रक्त गोठून त्याचा जीवही जाऊ शकतो. १९९० नंतरच्या दशकात ह्या औषधाचा सायकलच्या दुनियेत सुळसुळाट झाला, आणि ते ओळखणारी लघवीची चाचणी वापरात यायला २००० साल उजाडावे लागले.

आर्मस्ट्राँगवरही आळ आला होता. एकदा नव्हे, अनेकदा. प्रत्येक वेळी त्याने तो झटकून टाकला. शेवटी २०१२ साली अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने पुराव्यांचा डोंगर उभा केला. त्याच्याच अकरा जुन्या सहकाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध साक्षी दिल्या होत्या. सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली, जन्मभराची बंदी आली. आणि जानेवारी २०१३ मध्ये ऑप्रा विन्फ्री हिच्यासमोर, साऱ्या जगाच्या देखत, त्याने एकदाचे ‘हो’ म्हटले.

नानांनी त्या आठवड्यात भिंतीवरचे चित्र उतरविले. “खोटी नोट आम्हांला हाताला लागल्याबरोबर कळायची,” ते मला म्हणाले. “माणसाच्या अंगावर तसा कागद नसतो हो! पण निदान त्यानं कबूल तरी केलं.”

ह्या ‘निदान’ शब्दावर माझी गाडी अडली. कबूल केले म्हणजे नेमके काय केले? आणि कुणापाशी?

आर्मस्ट्राँगच्या संघात एमा ओ’रायली नावाची एक आयरिश मुलगी होती. स्वारांचे थकलेले पाय चोळून देणे हे तिचे काम. डोळ्यांनी जे पाहिले, ते तिने डेव्हिड वॉल्श ह्या पत्रकाराला सांगितले आणि ते २००४ साली एका पुस्तकात छापून आले. ती खरे बोलत होती. त्याबद्दल तिला काय मिळाले? कोर्टाचा खटला, आणि चारित्र्यावर शिंतोडे. वॉल्श ज्या ‘संडे टाइम्स’मध्ये लिहीत असे, त्या पत्रालाही आर्मस्ट्राँगला नुकसानभरपाई मोजावी लागली. खरे बोलणाऱ्यांनी खोटे बोलणाऱ्याला दंड भरला! पुढे त्या जगप्रसिद्ध कबुलीच्या वेळी ह्या बाईवरील खटल्याचा विषय निघाला, तेव्हा आपण इतक्या जणांवर खटले भरले की ते नीट ध्यानातही नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने तिला समक्ष भेटून क्षमा मागितली, हेही सांगितले पाहिजे. पण मधली नऊ वर्षे तिची गेली होती, त्याची नव्हे.

ह्याच दुनियेतला दुसरा एक नमुना पाहा. फ्लॉइड लँडिस हा २००६ सालचा विजेता. चाचणीत सापडला, पद गेले. त्याने निर्दोषपणाचा डांगोरा पिटला, पुस्तक लिहिले, आणि खटल्याच्या खर्चासाठी चाहत्यांकडून वर्गणी गोळा केली. २०१० साली त्याने सारे कबूल केले आणि आर्मस्ट्राँगच्या संघाचे बिंगही फोडले. पुढे सरकारी वकिलांशी तडजोड होऊन, सतराशेहून अधिक वर्गणीदारांचे सुमारे ४,७८,००० डॉलर परत करण्याचे त्याने मान्य केले. कायद्याचा बडगा होता म्हणून केले, असे म्हणा हवे तर. तरी मला ही कबुली अधिक पटते, कारण तिला हिशेबाची वही जोडलेली आहे. डेन्मार्कचा ब्यार्ने रीस हा १९९६ चा विजेता. त्याने २००७ साली ईपीओ घेतल्याचे मान्य केले आणि आपला पिवळा सदरा घरी खोक्यात पडला आहे, हवा तर घेऊन जा, असे सांगून टाकले. अकरा वर्षांनंतर सदरा परत करणे ही काही फार महाग गोष्ट नव्हे.

आमच्या गावात पाप धुण्याची सोय पुरातन आहे. सिंहस्थात तर लाखो माणसे त्यासाठी रामकुंडावर येतात. पण प्रायश्चित्त म्हणजे नुसती बुडी नव्हे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. ज्याचे घेतले त्याचे परत करावे, ज्याला दुखविले त्याच्या दारी जावे, आणि मग पाण्यात उतरावे. दूरदर्शनच्या कॅमेऱ्यापुढची कबुली ही पुष्कळदा पहिल्या दोन पायऱ्या गाळून घेतलेली बुडी असते.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून द्यावे, तर घरची गोष्ट आठवते. तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ झालेला आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविणारा नरसिंग यादव रिओ ऑलिंपिकला निघाला होता. २०१६ च्या जुलैत त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्नायू वाढविणारे द्रव्य सापडल्याचे जाहीर झाले. माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळले, हा कट आहे, असे तो म्हणाला. १ ऑगस्टला आपल्या राष्ट्रीय संस्थेने ते मान्य करून त्याला मोकळे केले. जागतिक संस्थेने त्यावर अपील केले, आणि त्याची कुस्ती दुसऱ्या दिवसावर आली असता, १८ ऑगस्टला, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. कटाचा खरा पुरावा समोर आलेला नाही, असे लवादाचे म्हणणे पडले. द्रव्य पाण्यात भुकटी कालवल्याने नव्हे, तर गोळ्यांच्या रूपाने पोटात गेले असावे, असे तज्ज्ञाचे मत होते. नरसिंग आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. त्या दिवसांत आपण मंडळींनी काय केले, ते आठवा. कागद कुणी वाचला नव्हता. पण निम्म्या घरांत ‘आपल्या पोराला फसवलं’ हा निकाल लागला होता, आणि उरलेल्या घरांत ‘मला आधीच वाटलं होतं’ हा. आळ दुसऱ्याच्या मुलावर आला की तो आपल्याला पुरावा वाटतो, आणि आपल्या मुलावर आला की कट!

खुद्द नाशिकचेही उदाहरण आहे. कविता राऊतच्या ह्या गावातलीच संजीवनी जाधव ही लांब पल्ल्याची धावपटू. २०१८ साली तिच्या नमुन्यात प्रोबेनेसिड सापडले आणि तिला दोन वर्षांची बंदी झाली. हे द्रव्य मुळात सांधेदुखीच्या एका विकारावरचे, रक्तातले युरिक आम्ल बाहेर टाकणारे औषध. पण इतर काही द्रव्ये लघवीत उतरू न देण्याचा गुण त्याच्या अंगी असल्यामुळे ‘झाकणारे द्रव्य’ म्हणून त्यावर बंदी आहे. ती मुलगी शिक्षा भोगून पुन्हा धावू लागली. कायद्याचा हिशेब मिटला. आता तो आपण चहाच्या टेबलावर उघडण्याचे कारण नाही.

मात्र प्रश्न एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. जागतिक संस्थेच्या २०२३ च्या आकड्यांत, पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये सदोष नमुन्यांचे प्रमाण भारतात सर्वाधिक, सुमारे ३.८ टक्के, निघाले. आणि एवढ्या साऱ्या प्रकरणांत उघड कबुली कितीशी ऐकू येते? खोकल्याचे औषध, भेसळीची भुकटी, शेजाऱ्याचा कट ही उत्तरे येतात. त्यांतली काही खरीही असतील. पण ‘हो, मी घेतले, मला अमक्याने दिले,’ हे वाक्य आपल्याकडे दुर्मिळ आहे.

ते दुर्मिळ का आहे, हे मला गेल्या वर्षी वर्गात समजले. आळ, आरोप, ठपका, बालंट ह्या शब्दांतले भेद शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा थांबून राहिला. पोलीस भरतीची तयारी करणारा. पहाटे मैदानावर सोळाशे मीटर धावून मग कॉलेजात येणारा.

“सर, आमच्यातला एक जण इंजेक्शन घेतो. मी बोललो तर चुगलखोर मीच ठरणार ना?”

“आधी त्याला एकट्याला गाठ,” मी म्हटले. “त्याच्या जिवाला धोका आहे, एवढंच सांग. भरतीचं नंतर बघू.”

त्याने तसे केले. नवल म्हणजे तो मित्र स्वतःच आपल्या प्रशिक्षकाकडे गेला आणि सारे सांगून मोकळा झाला. प्रशिक्षकांनी त्याला डॉक्टरकडे नेले, महिनाभर मैदानाबाहेर बसविले आणि पुन्हा रांगेत घेतले. हे सगळे चांगलेच झाले. पण घरी कळल्यावर वडील त्याला जे बोलले, ते त्या मुलाने मला जसेच्या तसे सांगितले : “घ्यायचं ते घेतलंस, पण सांगायला कुणी सांगितलं होतं तुला?”

वाचकहो, माझ्या मते सारा रोग ह्या एका वाक्यात आहे. कायदा आता कबुलीची किंमत ओळखू लागला आहे. जागतिक नियमावलीच्या २०२१ च्या आवृत्तीत अशी तरतूद आहे की, चार वर्षे किंवा त्याहून अधिक बंदीच्या प्रकरणात, आरोपाची नोटीस आल्यापासून वीस दिवसांच्या आत जो दोष आणि शिक्षा मान्य करील, त्याचे एक वर्ष कमी व्हावे. कायद्याने सांगणाऱ्यासाठी दार एवढे तरी किलकिले ठेवले आहे. घराने मात्र ते लावून घेतलेले असते. चिवडा सांडला म्हणून सांगत येणाऱ्या मुलाला धपाटा मिळतो, आणि डबा गुपचूप फळीवर ठेवून देणाऱ्याला संध्याकाळी लाडू मिळतो. मग तीच मुले वीस वर्षांची होऊन मैदानावर उभी राहतात आणि आपण त्यांच्याकडून कबुलीची अपेक्षा करतो!

१९९९ ते २००५ ह्या सात वर्षांच्या ‘टूर द फ्रान्स’ला आज विजेता नाही. आर्मस्ट्राँगचे नाव खोडले, पण तिथे दुसऱ्या कुणाचेही घातले नाही. त्या काळात त्याच्या मागून आलेल्यांतले कितीतरी जण पुढे कोणत्या ना कोणत्या प्रकरणात सापडले होते. ज्याने काहीच घेतले नव्हते असा एखादा स्वार त्या घाटांत कुठेतरी मागे, धापा टाकीत चढत असेल. त्याचे नाव कुणाला माहीत नाही, आणि आता ते शोधून काढण्याचा काही मार्गही उरलेला नाही.

तेव्हा ह्या दिवाळीत, तुमच्या घरात पळणारे, पोहणारे, सायकल मारणारे किंवा व्यायामशाळेतून भुकटीचे डबे आणणारे मूल असेल, तर त्याला ‘कितवा आलास?’ असे विचारण्यापूर्वी ‘काय घेतोस, आणि कोण देतं?’ एवढे विचारा. आणि उत्तर कसलेही आले, तरी पहिली पाच मिनिटे रागावू नका.