कालचा सातबाराही दाखवा: जमाबंदी आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख,
महाराष्ट्र राज्य, पुणे



गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, हा महसूल खात्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला मोठा ठेवा आहे. रकाने चारच. पहिल्यात नोंदीचा अनुक्रमांक, दुसऱ्यात संपादन केलेल्या अधिकाराचे स्वरूप, तिसऱ्यात ज्या भूमापन क्रमांकावर परिणाम झाला तो, आणि चौथ्यात तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही किंवा शेरा. खरेदी झाली, वारस लागले, बोजा चढला किंवा उतरला, की आधी इथे नोंद पडते. संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावरचे नाव हलते. नोंद नामंजूर झाली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या नोंदीला दिला जात नाही; ‘रद्द’ असा शेरा घेऊन ती जागच्या जागी राहते. प्रांतांनी अपिलात ती फिरवली, तर त्या आदेशाचा नवा फेरफार धरला जातो. जुने पान कोणी फाडत नाही.

वेब अ‍ॅप्लिकेशन बनवणारे लोक आज जी शिस्त पाळू पाहतात, ती हीच. रूबी भाषेत काम करणाऱ्यांचे ‘पेपर ट्रेल’, जँगोसाठीचे ‘रिव्हर्जन’, जावामधले ‘एन्व्हर्स’ ही साधने जगभर वापरली जातात आणि त्यांचे काम एकच आहे: डेटाबेसातली नोंद बदलली की तिची प्रत्येक आवृत्ती, कोणी आणि केव्हा बदल केला यासह, वेगळ्या तक्त्यात साठवायची. पेपर ट्रेलच्या तक्त्यातले रकाने पाहिले तर गाव नमुना सहाच समोर आल्यासारखा वाटतो. कोणत्या नोंदीला हात लागला, काय घडले, कोणी घडवले, केव्हा घडवले, आणि आधीचा मजकूर काय होता.

यातला शेवटचा रकाना महत्त्वाचा, आणि या पत्राचा सगळा रोख त्यावरच आहे.

आपल्या कार्यालयाने गेल्या काही वर्षांत केलेले काम लहान नाही. सुमारे अडीच कोटी सातबारे संगणकावर आले. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. ‘आपली चावडी’वर गावातल्या फेरफाराची नोटीस मुंबईत राहणाऱ्या भावालाही वाचता येते. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला, तेव्हा मयत खातेदार आणि फिटलेले बोजे पूर्वीसारखे कंसात न टाकता त्यांवर आडवी रेघ मारण्याची पद्धत आली. शेवटचा फेरफार क्रमांक आणि त्याची तारीख उताऱ्यावरच दिसू लागली. नाव गेले तरी ते होते हे वाचता आले पाहिजे, ही जाण त्या आडव्या रेघेत आहे. तिचे मनापासून स्वागत.

तरीही खातेदार संकेतस्थळावर जातो तेव्हा त्याला मिळतो तो आजचा सातबारा. ‘१५ जून २०१५ रोजी या गटाचा सातबारा कसा होता?’ असे तारीख टाकून विचारायची सोय त्याला नाही. फेरफारांचे क्रमांक हाताशी असतात. एकेक फेरफार काढून, मागे मागे जात, त्याने तो उतारा मनातल्या मनात जुळवायचा. बांधावरचा माणूस म्हणूनच वेळोवेळी काढलेले उतारे प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतो. आवृत्त्या सांभाळायचे काम सरकारी यंत्रणेऐवजी तो करत आला आहे.

जुनी तारीख कशाला हवी, असे कोणी विचारेल. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क मिळाला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटपांना हात लावायचा नाही, असे त्याच कलमात आहे. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तोंडी वाटपाचा दावा सहजासहजी मान्य होणार नाही. अपवाद म्हणून तो मान्य करायचा तर त्याला सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार हवा. म्हणजे राज्यातल्या असंख्य बहिणींचा हिस्सा एका ठरावीक तारखेला कागदावर काय लिहिले होते, यावर अवलंबून आहे. जमीन महसूल संहितेचे कलम १५७ अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी धरायला सांगते. खरी धरायची ती नोंद नेमकी कधीची, हे दाखवणे मग खात्याकडेच येते.

यात एक पेच आहे आणि संगणकशास्त्राने तो सोडवलेला आहे. समजा, वडील २०१२ मध्ये वारले आणि वारस नोंद २०१९ मध्ये झाली. मधल्या काळात, २०१५ मध्ये, सोसायटीने त्या जमिनीवर कर्ज दिले. आता दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. २०१५ मध्ये जमिनीवर हक्क कोणाचा होता? मुलांचा आणि मुलींचा. २०१५ मध्ये सातबारा काय सांगत होता? वडिलांचे नाव. दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि वादात दोन्ही लागतात. अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे रिचर्ड स्नॉडग्रास यांनी या दोन काळांवर, म्हणजे घटना लागू झाल्याचा काळ आणि ती डेटाबेसात नोंदल्याचा काळ यांवर, आयुष्यभर काम केले. २०११ च्या एसक्यूएल प्रमाणकात दोहोंना जागा मिळाली. नोंदल्याचा काळ आपोआप सांभाळणारे तक्ते मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून आणि मारियाडीबीमध्ये २०१८ पासून आहेत. प्रश्नात ‘अ‍ॅज ऑफ’ लिहून तारीख दिली, की त्या दिवशीच्या ओळी जशाच्या तशा समोर येतात. तंत्र नवे नाही आणि महागही नाही. एका सातबाऱ्याचा मजकूर असतो तरी किती!

आता थोडे अवघड बोलायला हवे. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा जुळवण्यासाठी एडिट आणि री-एडिटच्या मोहिमा झाल्या, गावोगाव चावडी वाचन झाले, हजारो तलाठ्यांनी रात्री जागून चुका दुरुस्त केल्या. पुढे लेखनप्रमाद जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त होऊ लागले. क्षेत्रातला एक दशांश इकडचा तिकडे झाला, आडनावातला काना गेला, इतर हक्कातला शेरा भलत्या गटावर बसला, अशा या दुरुस्त्या. बहुतेक रास्तच असणार. पण खातेदाराला दुरुस्त झालेली ओळ दिसते; तिच्या जागी आधी काय होते, हे त्याच्या पडद्यावर शेजारी येत नाही. चुकून किंवा मुद्दाम झालेला बदल वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, तो अशाच ठिकाणी.

इतिहास ठेवणाऱ्या साधनांचीही इथे एक जुनी पळवाट आहे. पेपर ट्रेलसारखे साधन अ‍ॅप्लिकेशनच्या दारातून आलेला बदल टिपते. एखाद्याने त्याला वगळून थेट डेटाबेसात हुकूम चालवला आणि शंभर ओळी बदलल्या, तर त्याची आवृत्ती तयारच होत नाही. म्हणून जिथे हक्काचा प्रश्न आहे तिथे हा पहारा डेटाबेसाच्या पातळीवर हवा, आणि तो बंद करण्याची मुभा रोजच्या देखभालीतल्या कोणाकडेही नको.

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. फुजित्सू कंपनीने बनवलेली ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली १९९९ पासून शाखांमध्ये बसवली गेली. हिशेबात तूट दिसली की शाखा चालवणाऱ्यावर चोरीचा आळ. नऊशेहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काहींची घरे विकली गेली. शाखेचा हिशेब बाहेरून कोणी बदलू शकत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. प्रत्यक्षात फुजित्सूचे कर्मचारी दुरून, शाखाचालकाला पत्ता न लागता, नोंदी घालू शकत होते. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेला त्या शिक्षा रद्द करण्यासाठी खास कायदा करावा लागला. आपल्या हिशेबात कोणी काय लिहिले, हे त्या माणसांना स्वतः पाहता आले असते, तर अनेकांची आयुष्ये वाचली असती.

आपल्या देशानेही एका क्षेत्रात हे ओळखले आहे. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक आहे. दोन संचालकांच्या छोट्या खासगी कंपनीलाही यातून सूट नाही. मग कोट्यवधी कुटुंबांची जमीन ज्या डेटाबेसात आहे, त्याला निदान तेवढा तरी नियम लागू असावा.

बॅकअप आहेत, हे उत्तर इथे पुरत नाही. बॅकअप घेतात ते यंत्र बुडाले तर सावरण्यासाठी, आणि तेही दर वेळी साधते असे नाही: जानेवारी २०१७ च्या अखेरीस गिटलॅब या कंपनीत चालू डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा वेगवेगळे बॅकअप निकामी निघाले आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. एका गटाच्या एका ओळीचा प्रवास तर बॅकअप सांगतच नाही.

पूर्ववत करण्याचा मुद्दाही इथेच घ्यायला हवा. चुकीचा बदल मागे घेताना मधली आवृत्ती पुसली जाता कामा नये, कारण त्या मधल्या काळात कोणी तो उतारा पाहून व्यवहार केलेला असू शकतो. फेरफाराची वही हेच करते. जुनी स्थिती परत आणायची तीही नव्या नोंदीनेच. पोटहिस्से पडलेल्या गटात हे अधिक कठीण होते. एका हिश्श्याचे क्षेत्र मागे नेले आणि शेजारच्याचे तसेच राहिले, तर बेरीज चुकते. म्हणून एकत्र बदललेले सगळे सातबारे एका गाठीत बांधून नोंदले आणि एकत्रच पूर्ववत केले पाहिजेत. तयार साधनांना नेमके हेच जड जाते, तेव्हा इथे आपल्या तंत्रज्ञांना वेळ आणि पैसा दोन्ही द्या.

तेव्हा विनंती अशी. उताऱ्याच्या पानावर तारखेचा एक रकाना द्यावा. कलम १५५ च्या आदेशासह, तांत्रिक दुरुस्तीसह, प्रत्येक बदलाची आधीची आणि नंतरची ओळ शेजारी शेजारी दाखवावी. सोबत आदेशाचा क्रमांक आणि सही करणाऱ्याचे पदनाम असावे. सुरुवात एखाद्या तालुक्यापासून केली तरी चालेल. संगणकीकरणापूर्वीची तारीख टाकली, तर ‘आपले अभिलेख’वरचे स्कॅन केलेले हस्तलिखित पान उघडावे. त्यासाठी एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट क्रमांक झाले, तो दुवाही डेटाबेसात बसवावा लागेल. आज तो दुवा शोधायला माणूस अभिलेख कक्षात अर्ज देतो आणि तारखेची वाट पाहतो.