पडद्यापलीकडचे मूल आणि मार्गदर्शकाची जबाबदारी

दहावी-बारावीचे निकाल लागले, की समाजाच्या संस्थांकडे शिष्यवृत्तीच्या अर्जांबरोबर मार्गदर्शनाची विनंती करणारे अर्जही येऊ लागतात. तालुक्याच्या गावी किराणा वा कापडाचे दुकान असलेल्या घरातील मुलाला सनदी लेखापाल व्हावयाचे असते, मुलीला अभियांत्रिकीची कोणती शाखा घ्यावी हे उमगत नसते आणि घरात ते सांगणारे कोणी नसते. अशा वेळी पुण्या-मुंबईतील, क्वचित परदेशातील, सुशिक्षित बंधू-भगिनी आठवड्यातून एक तास व्हिडिओ कॉलवर द्यावयास आनंदाने पुढे येतात. ही सेवा मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु उत्साहाच्या भरात तिच्या मर्यादा कोणी सांगत नाही, म्हणून या वेळी त्याच विषयावर लिहीत आहे.

पूर्वी हे काम बोर्डिंगने केले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, हे आपण जाणतोच. त्या वसतिगृहांत मोठी माणसे मुलांना समजावीत, रागावीत, धीर देत; पण ते सारे भोजनगृहात, ओसरीवर, चारचौघांच्या देखत घडे. आजचा मार्गदर्शक आपल्या खोलीत आणि विद्यार्थी त्याच्या खोलीत. दोन्हीकडची दारे बंद आणि मध्ये फक्त एक फोन. पूर्वी आपोआप लाभणारी चारचौघांची नजर आता नियमांनी निर्माण करावी लागते.

त्यातील पहिला नियम निवडीचा. स्वयंसेवकाचे ओळखपत्र, दोन परिचितांचे अभिप्राय आणि पोलिसांकडून मिळणारे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र संस्थेने घेतले पाहिजे. हे मागितले की काही जणांना राग येतो. ‘आमच्या घराण्याला कोण ओळखत नाही?’ असा प्रश्न येतो. व्यापारी माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. सख्ख्या पुतण्याला दिलेली रक्कमही आपण वहीत लिहितो. त्यात अविश्वास नसतो, ती पेढीची शिस्त असते. शिवाय ज्याचा हेतू शुद्ध आहे, त्याच्यावर उद्या खोटा आळ आला, तर हीच कागदपत्रे त्याचे रक्षण करतात.

संवाद संस्थेच्या खात्यावरून, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी व्हावा. संदेश गटात जावेत आणि त्या गटात संस्थेची एक जबाबदार व्यक्ती असावी. वैयक्तिक व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामवरील खासगी निरोप, आपोआप पुसले जाणारे संदेश, रात्री अकराचे ‘झोपलास का?’ हे सर्व वर्ज्य समजावे. विद्यार्थ्यानेच असा संदेश पाठवला, तर सकाळी गटावर सौम्य उत्तर द्यावे. मात्र त्यात संकटाची चाहूल असेल, तर सकाळची वाट पाहू नये. पालकांची लेखी संमती तर हवीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अट घातली आहे. गुणपत्रिका, आधार कार्डाचे छायाचित्र, घराचा पत्ता स्वयंसेवकाच्या खासगी फोनमध्ये साठवण्याचे कारणच नाही.

आता या विषयातील सर्वांत अवघड प्रसंगाकडे येऊ. दोन-तीन महिने अभ्यासाच्या गोष्टी झाल्या, ओळख वाढली, आणि एके दिवशी मूल म्हणते, ‘एक सांगायचे आहे, पण कोणाला सांगणार नाही असा आधी शब्द द्या.’ आपल्या घरांत शब्दाला फार किंमत आहे. दिलेल्या शब्दावर लाखोंचा माल उचलला जातो. नेमके म्हणूनच हा शब्द देऊ नये. जो पाळता येणार नाही, तो शब्द देणे ही मुलाची फसवणूक होय. त्याऐवजी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे, की तुझ्या गोष्टी मी चघळणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला, शरीराला धोका आहे असे दिसले, तर मदत करू शकणाऱ्या माणसाला मी सांगेन आणि ते तुला आधी सांगून करीन. हे ऐकून काही मुले गप्प बसतील, हे खरे. बहुतेकांना मात्र समोरचा माणूस खरे बोलतो याचाच आधार वाटतो.

कायद्याचीही येथे निःसंदिग्ध आज्ञा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ अन्वये बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले, किंवा तो घडण्याची शक्यता ज्याला जाणवली, त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला वा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा असा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद व दंड. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतेही दायित्व येत नाही. हा कायदा मुलगे आणि मुली यांत भेद करीत नाही, हेही लक्षात ठेवावे. मुलग्यांच्या बाबतीत आपले पालक उगाच निश्चिंत असतात.

स्वयंसेवकाने चौकशी अधिकारी बनू नये. मुलाचे शांतपणे ऐकावे, ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझा दोष नाही’ एवढे म्हणावे, खोदून प्रश्न विचारू नयेत. संभाषण संपताच त्याचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत आणि त्याच दिवशी संस्थेच्या नेमलेल्या व्यक्तीला कळवावे. ती व्यक्ती टाळाटाळ करीत असेल, तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास निःशुल्क आहे. तातडीचा प्रसंग असेल तर ११२. मूल जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर एकट्याने समजूत घालत बसू नये. त्याच्याजवळची विश्वासू मोठी व्यक्ती तत्काळ गाठावी आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक द्यावा.

येथे एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. कधी कधी धोका घरातच असतो: एखादा काका, जवळचा नातलग, दुकानातला जुना विश्वासू माणूस. अशा वेळी ‘आधी वडिलांच्या कानावर घालू’ हा आपला सहज संस्कार मुलाला अधिक संकटात लोटू शकतो. घरची गोष्ट घरात मिटवण्याची, पंचांना बोलावून समजुतीने संपवण्याची रीत व्यवहाराच्या वादांत शोभते. येथे ती लावणे हा मुलावर दुसरा अन्याय आहे, आणि कलम १९ ला पर्यायही नाही.

दुसरा प्रसंग छायाचित्रांचा. कोणी अनोळखी व्यक्ती मैत्रीच्या मिषाने मुलाकडून आक्षेपार्ह छायाचित्र मिळवते आणि मग पैसे मागते. भेदरलेले मूल पुरावा म्हणून ते छायाचित्र मार्गदर्शकाला पाठवू पाहते. ते मागू नये, साठवू नये आणि सदहेतूनेही कोणाला पुढे पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब प्रमाणे असे साहित्य बाळगणे व प्रसारित करणे हाच गुन्हा आहे. समोरच्या खात्याचे नाव, दुवा, तारीख, मागितलेली रक्कम एवढे टिपून राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करावी. पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० क्रमांकावर कळवावे. पैसे देऊन सुटका होत नाही, मागणी वाढत जाते, हे मुलाला सांगावे. अमेरिकेतील एका ना-नफा संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही निःशुल्क सेवा अठराव्या वर्षापूर्वीच्या अशा छायाचित्रांसाठी आहे. छायाचित्र फोनबाहेर न जाता केवळ त्याची सांकेतिक खूण तयार होते आणि तिच्या साहाय्याने सहभागी समाजमाध्यमे ते शोधून काढू शकतात.

धोका नसलेल्या गोष्टींबाबत मात्र तोंडाला कुलूप हवे. आपला समाज लहान आहे. ‘मला दुकानात बसायचे नाही’ किंवा ‘मला इतक्यात लग्न नको’ असे एखादी मुलगी विश्वासाने बोलली आणि ते वाक्य एखाद्या समारंभाच्या पंगतीतून तिच्या आत्याच्या कानी गेले, तर पुढे सोयरिकीच्या वेळी ते तिच्यापुढे उभे राहते. पालकांना भेटीची वेळ, विषय आणि अभ्यासाची प्रगती कळावी. मुलाचे प्रत्येक वाक्य नव्हे.

दानाविषयीही थोडे. हात सढळ असणे हा आपला गुण. परंतु मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला परस्पर मोबाइल घेऊन देणे, फी भरणे, वाढदिवसाला खात्यावर रक्कम टाकणे टाळावे. भेटवस्तूंनी मुलाला उपकृत करून मग त्याचे मौन विकत घेणे ही वाईट हेतूच्या माणसांची जुनी पद्धत आहे, आणि चांगल्या माणसाची भेट मुलाला यातला फरक ओळखू देत नाही. मदत करावयाची असेल, तर ती संस्थेच्या निधीत पावती घेऊन द्यावी.

शेवटी नियमितपणा. अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या कार्यक्रमातील मुलांवर आधारलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभर वा अधिक टिकलेल्या मार्गदर्शनाचा लाभ सर्वाधिक दिसला. पहिल्या तीन महिन्यांतच तुटलेल्या नात्यांत मात्र मुलांचा आत्मसन्मान घटल्याचे आढळले. म्हणून पर्युषण, दिवाळीचा हंगाम, मार्चअखेरची धावपळ हे सर्व ध्यानात घेऊनच वेळ कबूल करावी. वर्ष जमणार नसेल, तर एखाद्या रविवारी अनेक विद्यार्थ्यांसमोर आपल्या व्यवसायाविषयी व्याख्यान द्यावे. तीही उत्तम सेवा आहे. निरोपाची तारीख मुलाला महिनाभर आधी सांगावी, अखेरच्या भेटीत संस्थेची व्यक्ती उपस्थित असावी आणि पुढे कोणती शंका कोणाला विचारावयाची, ते त्याच भेटीत नावानिशी लिहून द्यावे.