गावचा गणपती घरच्या टीव्हीवर

भाद्रपद जवळ आला की मुंबई-पुण्यापासून बडोदे-इंदूरपर्यंत पांगलेल्या कोकणातल्या कुटुंबांत एकच विषय सुरू होतो: यंदा गावी कोण कोण जाणार? गाडीचे आरक्षण, ऑफिसची रजा, मुलांच्या चाचणी परीक्षा हे सारे कसेबसे जमवले जाते. राहून जाते ते घरातले एक माणूस. ज्या आजींनी पन्नास वर्षे त्या माजघरात मोदक वळले, त्यांना गुडघ्यांमुळे आता रात्रभराचा प्रवास झेपत नाही.

मग तोडगा निघतो तो व्हिडिओ कॉलचा. आरतीच्या वेळी कुणीतरी मोबाइल उंच धरतो. हात हलतो, चित्र हलते आणि आजींना मूर्तीपेक्षा भिंत आणि माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. ‘दिसतंय का?’ असे पाच जण विचारतात, आजी ‘दिसतंय’ म्हणतात आणि दहा मिनिटांत फोन बंद होतो. आजींना खरे तर बोलायचे नसते, नुसते तिथे बसायचे असते. नैवेद्य कोण वाढते आहे, गौरीला यंदा कोणती साडी नेसवली, भजनाला शेजारची मंडळी आली का, हे त्यांना सावकाश पाहायचे असते.

ही सोय आता घरच्या टीव्हीवर करता येते. मात्र त्यासाठी आठवडाभर आधी तयारीला लागले पाहिजे.

घरचा मीडिया सर्व्हर म्हणजे काय?

नाव भारदस्त असले तरी वस्तू साधी आहे. घरातल्या एखाद्या संगणकावर एक प्रोग्राम बसवायचा. तो फोटो, चित्रपट आणि थेट चित्रण घरातल्या कोणत्याही टीव्हीकडे पोहोचवतो. २०१८ साली सुरू झालेला जेलीफिन हा असा एक मोफत प्रोग्राम आहे. त्यात ‘लाइव्ह टीव्ही’ असा विभाग असतो. एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वाहिनीचे नाव आणि तिच्याखाली चित्रणाचा पत्ता लिहून ती फाइल तिथे जोडली की ‘गावचा गणपती’ ही घरची वाहिनी तयार होते. या फाइलला एम३यू म्हणतात.

टीव्हीवर जेलीफिनचे अ‍ॅप लागते. ते अँड्रॉइड टीव्ही आणि फायर टीव्ही स्टिकवर मिळते. टीव्ही जुना असला तरी एचडीएमआयची जागा असेल तर स्टिक लावून भागते. टीव्हीतच असलेल्या डीएलएनए या सोयीवर मात्र विसंबू नये. तीवर साठवलेला चित्रपट सहसा चालतो. पण थेट चित्रणाला शेवट नसतो आणि अनेक टीव्ही लांबी ठाऊक नसलेले चित्रण नाकारतात.

गावाकडची बाजू

गावच्या घरी तीन वस्तू हव्यात: इंटरनेट, एक साधा वायफाय कॅमेरा आणि एखादा जुना लॅपटॉप. कॅमेरा घेताना तो ‘आरटीएसपी’ पद्धतीने चित्र देतो ना, हे विचारून घ्यावे. काही स्वस्त कॅमेरे फक्त आपल्याच अ‍ॅपमध्ये चित्र दाखवतात. लॅपटॉपवर मीडियाएमटीएक्स हा मोफत प्रोग्राम बसवला की तो कॅमेऱ्याचे चित्र घेऊन पुढे पाठवण्याजोगे करतो. कॅमेऱ्यात ‘एच.२६४’ हा पर्याय निवडावा. तो बहुतेक सर्व टीव्हींना समजतो. त्यामुळे घरच्या संगणकाला चित्राचे रूपांतर करण्याचा ताण पडत नाही.

चित्र फार मोठे ठेवण्याचा हट्ट नको. साधारण २ मेगाबिट वेगाचे ७२० ओळींचे चित्र आरतीसाठी पुरेसे स्वच्छ असते आणि तासाला सुमारे ०.९ जीबी डेटा लागतो. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की इथे गावच्या इंटरनेटचा चित्र पाठवण्याचा वेग महत्त्वाचा आहे. जाहिरातीत बहुधा चित्र उतरवून घेण्याचा वेग ठळक छापलेला असतो. भाद्रपदातला पाऊस आणि वीज यांचा भरवसा नसतो. म्हणून कॅमेऱ्याबरोबर लॅपटॉप आणि राउटरही इन्व्हर्टरवर ठेवावेत.

दार सताड उघडू नका

आता गावचा लॅपटॉप आणि शहरातला सर्व्हर जोडायचे कसे? पुष्कळ जण राउटरमध्ये ‘पोर्ट’ उघडून मोकळे होतात. हे माजघराचे दार रस्त्यावर उघडे टाकण्यासारखे आहे. पत्ता शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिला असेल, तर घरातली चित्रे परक्याच्या हाती लागतात. शिवाय अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटून देतात; तिथे ही युक्ती चालतही नाही.

त्यापेक्षा टेलस्केलसारखी खासगी जोडणी वापरावी. दोन्ही संगणकांवर ती बसवून एकाच खात्याने प्रवेश केला, की त्यांच्यात बंदिस्त वाट तयार होते. घरगुती वापरासाठी ती मोफत आहे. कॅमेऱ्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

यूट्यूबवरून प्रक्षेपण करणे याहून सोपे आहे, हे खरे. पण तिथे ज्याच्या हाती दुवा लागेल तो पाहू शकतो आणि मागे लाउडस्पीकरवर चित्रपटातले गाणे लागले, तर स्वामित्व हक्काच्या कारणाने प्रक्षेपण मध्येच थांबू शकते.

आरती मागे का पडते?

थेट म्हटले तरी टीव्हीवरचे चित्र थोडे मागे असते. चित्रण छोट्या तुकड्यांत पाठवले जाते. अ‍ॅपलने २००९ साली आणलेल्या एचएलएस पद्धतीत सहा सेकंदांचा तुकडा सुचवलेला आहे आणि टीव्ही सहसा तीन तुकडे हाताशी आल्यावर चित्र सुरू करतो. म्हणजे अठरा सेकंद तिथेच गेले. तुकडे लहान केले तर उशीर कमी होतो, पण कच्च्या इंटरनेटवर चित्र अडखळू लागते. आजींसाठी अडखळण्यापेक्षा उशीर परवडला. फक्त त्याच वेळी फोन चालू ठेवू नये. नाही तर फोनवर ‘मोरया’चा गजर होतो तेव्हा टीव्हीवर अजून आरतीचे शेवटचे कडवे चाललेले असते.

घरातल्यांची संमती

कॅमेरा कुठे लावायचा, हे तंत्राइतकेच महत्त्वाचे. तो मखरासमोर, थोडा उंचावर, स्थिर असावा. आतल्या खोल्या त्यात येऊ नयेत. पाहुण्यांना आल्याआल्या सांगावे, की आजी पाहत आहेत. रात्री सर्वांनी निजायची तयारी केली की कॅमेरा बंद करावा. कुणाला चित्रात यायचे नसेल, तर त्यांची इच्छा राखावी.

शहरातल्या घरी एक काम उरते. टीव्ही लावण्यापासून ‘गावचा गणपती’ दिसेपर्यंत रिमोटची कोणती बटणे दाबायची, ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवावे आणि आजींकडूनच दोन-तीनदा करून घ्यावे. नातवाची वाट न पाहता त्यांना स्वतः टीव्ही लावता आला पाहिजे. मग पहाटेची पूजा असो की रात्रीचे भजन, कधी बसायचे आणि कधी उठायचे, हे त्यांचे त्या ठरवतील.