खालचा अडथळा, वरचे नुकसान

या सदरातून आपण शरीरातील एकेका संस्थेची ओळख करून घेत आहोत. प्रस्तुत लेखक वैद्य नाही. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर आणि बँकेतून निवृत्त झालेला एक अधिकारी आहे, हे वाचक जाणतातच. या वेळचा विषय आहे मूत्रसंस्था. चारचौघांत जिचा उच्चारही आपण टाळतो, अशी ही संस्था. तो टाळण्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझे थोरले बंधू ७२ वर्षांचे आहेत. गावी कापडाचे दुकान. गेल्या वर्षी कार्तिकी पौर्णिमेनंतर आम्ही सहकुटुंब यात्रेला गेलो होतो. धर्मशाळेत दोघा भावांना एक खोली मिळाली. दादांचा कित्येक वर्षांचा चौविहार. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. तरीही ते रात्रीतून पाच-पाच वेळा उठत. दिवसा प्रवासात पाण्याची बाटली पुढे केली, की "नको रे, पुन्हा गाडी थांबवावी लागते," असे म्हणून परत करीत. या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आणि 'वय झाले' एवढीच नोंद मनाशी करून गप्प राहिलो. माघात त्यांच्या पायांवर सूज आली, अन्नावरची वासना उडाली. रक्ततपासणीत क्रिएटिनीन ३.८ निघाले. ते सर्वसाधारणपणे १.२ ते १.३ च्या आत असावे लागते.

मूत्ररोगतज्ज्ञांनी दादांना, वहिनींना आणि मला समोर बसवून कागदावर एक आकृती काढली. तीच आकृती आता शब्दांत मांडतो.

सर्वांत वर दोन मूत्रपिंडे. ती पोटात पुढे नसून पाठीच्या बाजूस, कण्याच्या दोन्ही अंगांना, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, लांबी सुमारे १० ते १२ सेंटीमीटर, वजन प्रत्येकी साधारण दीडशे ग्रॅम. उजव्या बाजूला वर यकृत असल्यामुळे उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली असते. दाण्याला जिथे खोलगट भाग असतो, तिथून रोहिणी आत शिरते, नीला बाहेर येते आणि मूत्रवाहिनीही तिथूनच निघते.

मूत्रपिंड उभे चिरले तर बाहेरचा एक थर आणि आत त्रिकोणी शंकूंची रांग दिसते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन लहान अवयवांकडे जातो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला बहुतेक सर्व, उपयुक्त क्षारांसह, रक्तात परत घेतला जातो. शेवटी मूत्र म्हणून बाहेर पडते ते साधारण दीड लिटर. १८० रुपये तपासून १७८ रुपये खातेदाराला परत करणारा आणि हे काम अहोरात्र करणारा रोखपाल मी माझ्या नोकरीच्या काळात पाहिला नाही. शंकूंच्या टोकांतून झिरपणारे मूत्र लहान पेल्यांत, तेथून मोठ्या पेल्यांत आणि शेवटी नरसाळ्यासारख्या एका पोकळीत जमा होते.

या नरसाळ्याचीच पुढे मूत्रवाहिनी होते. ही स्नायूंची नळी २५ ते ३० सेंटीमीटर लांब आणि अवघे काही मिलिमीटर रुंद असते. मूत्र केवळ वजनाने खाली पडत नाही. नळीच्या आकुंचनाच्या लाटा ते पुढे ढकलतात. म्हणून आडवे झोपल्यावरही काम थांबत नाही. ही नळी तीन ठिकाणी अरुंद असते : नरसाळे संपते तिथे, ओटीपोटात उतरताना मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरते तिथे. मूतखडा अडकतो तो बहुधा यांपैकी एका जागी.

मूत्राशय ही ओटीपोटातील स्नायूंची पिशवी. दीड-दोनशे मिलिलिटर मूत्र साठले, की पहिली जाणीव होते. सर्वसाधारण क्षमता ४०० ते ५०० मिलिलिटर. मूत्रवाहिन्या या पिशवीच्या भिंतीतून तिरप्या आत येतात. त्यामुळे पिशवी भरली की भिंतीच्या दाबाने त्यांची तोंडे मिटतात आणि मूत्र उलट वर जात नाही.

शेवटचा टप्पा मूत्रमार्ग. स्त्रियांमध्ये तो सुमारे ४ सेंटीमीटरच असतो, म्हणून जंतुसंसर्ग मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतो. पुरुषांमध्ये तो १८ ते २० सेंटीमीटर असतो आणि मूत्राशयातून निघताच पौरुषग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, मधोमध जातो. तरुणपणी ही ग्रंथी अक्रोडाएवढी असते. पन्नाशीनंतर अनेकांची ती वाढू लागते आणि मधला मार्ग आवळला जातो.

येथे डॉक्टरांनी पेन उलटे फिरवले. आतापर्यंत रेषा वरून खाली येत होती. आता ती खालून वर जाऊ लागली. बाहेरची वाट अरुंद झाली, की मूत्राशयाला जोर लावावा लागतो. त्याची भिंत जाड होते. पुढे ते थकते, पूर्ण रिकामे होईनासे होते. दर वेळी थोडे बाहेर पडते, बरेचसे आत राहते. म्हणून वारंवार उठावे लागते. साचलेल्या मूत्राचा दाब वाढला, की मूत्रवाहिन्यांतून खाली येणाऱ्यालाही जागा उरत नाही. त्या फुगतात, वरचे नरसाळे फुगते आणि शेवटी मूत्रपिंडाचा काम करणारा थर पातळ होत जातो. हे सारे सावकाश घडत असल्याने अनेकदा दुखतही नाही. दादांच्या सोनोग्राफीत लघवी करून आल्यानंतरही मूत्राशयात ९०० मिलिलिटर शिल्लक होते. दोन्ही मूत्रवाहिन्या फुगलेल्या होत्या आणि डाव्या मूत्रपिंडाचा थर बराच झिजला होता. दादा पाणी कमी पीत होते ते उठावे लागू नये म्हणून. पण त्याने अडथळा सुटत नाही, मूत्र मात्र दाट होते आणि खडे व संसर्ग यांना वाव मिळतो.

त्याच दिवशी नळी घालून मूत्राशय मोकळे केले. काही आठवड्यांत क्रिएटिनीन १.७ पर्यंत उतरले आणि तिथेच थांबले. पुढे दुर्बिणीतून ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली. वाट मोकळी झाली. झिजलेला थर मात्र परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दोन वर्षांपासून हे चालू होते. मला त्यांनी शपथ घातली होती." मी दादांकडे पाहिले. ते म्हणाले, "काय सांगणार आणि कोणाला? मुलाला की सुनेला?" मी काही बोलू शकलो नाही. बँकेत असताना दुसऱ्या शाखांची दप्तरे तपासून मी चुका काढीत असे. शेजारच्या खाटेवरची नोंद मात्र मला वाचता आली नव्हती.

वाचकांना विनंती एवढीच. धार बारीक होणे, सुरू होण्यास वेळ लागणे, रात्री वारंवार उठावे लागणे, पूर्ण मोकळे न वाटणे, मूत्रात रक्त दिसणे, पाय सुजणे, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे. साधी सोनोग्राफी, रक्त व मूत्र तपासणी यांतून पुष्कळ कळते. प्रवासात किंवा समारंभात सोय नाही म्हणून तासन्‌तास रोखून धरणाऱ्या आपल्या भगिनींनीही जळजळ अंगावर काढू नये. जे सूर्यास्तापूर्वीच पाणी घेतात, त्यांनी ते सायंकाळी एकदम न घेता दिवसभरात विभागून घ्यावे. ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत, त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, आणि तपश्चर्येचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टर व गुरुमहाराज या दोघांनाही प्रकृतीची खरी स्थिती सांगावी. आपल्या पच्चक्खाणांत आगार ठेवलेले आहेत, ते उगाच नव्हे.

आणि घरात कोणी वडीलधारे रात्री वारंवार उठत असतील, तर सकाळी त्यांच्याजवळ बसून एकांतात विचारावे. पहिल्यांदा ते 'काही नाही' म्हणतील. दुसऱ्यांदाही विचारावे.

हा लेख छापायला देण्यापूर्वी दादांना वाचून दाखवला. नाव घालू नकोस, असे ते म्हणाले. वाक्य मात्र एकही काढायला सांगितले नाही.