शेंद्र्याच्या नकाशावर सल्ला कोणाचा?

कारखाना कुठे, बाग कुठे आणि रस्ता कोणाच्या घरावरून, हे विकास आराखड्यात रंग भरून ठरते. रंग पक्के होण्याआधी नागरिकांचे म्हणणे ऐकावे अशी सोय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये आहे. कलम 28 प्रमाणे हरकती ऐकायला नियोजन समिती बसते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. जाणकार म्हणजे नगररचनेचे किंवा पर्यावरणाचे विशेष ज्ञान वा प्रत्यक्ष अनुभव असलेला. आमचा सवाल असा की, दोन पिढ्या गायरान कसणाऱ्या भूमिहीनाचा अनुभव प्रत्यक्ष नाही काय? त्याला नेमायला कायदा बदलावा लागत नाही, संचालकांची सही पुरते.

शेंद्र्यात तर ही समितीही दूरची गोष्ट. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी उभारलेली कंपनीच येथे विशेष नियोजन प्राधिकरण आहे. तिच्यात 51 टक्के वाटा एमआयडीसीचा, 49 टक्के केंद्राच्या ट्रस्टचा. शेंद्रा-बिडकीन मिळून सुमारे 10 हजार एकर. कंपनीचे संचालक मतपेटीतून येत नाहीत. दर चैत्रात मांगीरबाबाच्या जत्रेला शेंद्र्यात वंचितांची अफाट गर्दी लोटते (नवस आणि गळ टोचण्याबद्दल आमचे मत वाचकांना ठाऊकच आहे). त्या गर्दीतल्या एकासाठीही नकाशाच्या टेबलावर राखीव खुर्ची नाही.

सल्ला बंधनकारक नसतो, मग खुर्ची हवी कशाला, असे आपलेच काही शहाणे विचारतात. 1928 साली मुंबई सरकारने नेमलेली स्टार्ट समिती सल्लागारच होती. पण तिच्यात बाबासाहेब होते! तिच्या शिफारशींतूनच पुढे मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र खाते निघाले. न्यूयॉर्क शहरातली 59 कम्युनिटी बोर्डेही सल्लाच देतात, तरी जमीनवापर बदलाच्या मोठ्या प्रस्तावांची फाईल त्यांच्या सुनावणीतून जाते. बिल्डरला वस्तीसमोर उभे राहून उत्तर द्यावे लागते, हे थोडे नव्हे.

सातबाऱ्यावर नाव नसलेल्याने हरकत घेऊ नये, असे तलाठी ते पुढारी सगळे सांगतात. हे साफ खोटे आहे. प्रारूप आराखड्यावर कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितल्या, तेव्हाही शासकीय अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. अधिकारी निकालाचा पहिला भाग वाचून दाखवतात, दुसरा फाईलमध्येच राहतो.

शासनाने कंपनीकडून एक सल्लागार मंडळ नेमून घ्यावे. शेंद्रा, करमाड, बिडकीन परिसरातील भूमिहीन, गायरानधारक आणि कंत्राटी कामगार त्यात निम्मे असावेत. बैठकीचे इतिवृत्त मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावे. तोवर कार्यकर्त्यांनी पीकपाहणीचे जुने उतारे, घरपट्टीच्या पावत्या आणि दंडाच्या नोटिसा आजच गोळा करून ठेवाव्यात. नोटीस निघाली की दिलेल्या मुदतीत प्रत्येक घराची स्वतंत्र लेखी हरकत द्यावी, सुनावणी मागावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.