परळचा लाटसाहेबांचा बंगला

मा. संचालक,
हाफकिन संस्था, परळ, मुंबई



मलबार हिलचं राज्यपालांचं निवासस्थान सगळ्यांना ठाऊक आहे. पण केईएम रुग्णालयाकडे डबा घेऊन निघालेल्या माणसाला तुमच्या फाटकाआड शंभरावर वर्षं मुंबईचा गव्हर्नर राहत होता, याचा पत्ताही नसतो.

मूळ वास्तू पोर्तुगीज अमदानीतली, पाद्र्यांच्या मठाची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती जेझुइटांकडून काढून घेतली आणि १७७१ मध्ये गव्हर्नर विल्यम हॉर्नबी तिथे राहायला आला. जिथे प्रार्थना चालायची तिथे मेजवान्या झडू लागल्या, नाच होऊ लागले. पुढे आजूबाजूला गिरण्या उठल्या, वस्ती दाटली. १८८२ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन (हो, पुण्याच्या कॉलेजाला नाव आहे तेच) यांची पत्नी कॉलऱ्याने गेली. सरकारी बिऱ्हाड मलबार पॉइंटच्या समुद्रवाऱ्यावर हललं. परळकरांना हलायला कुठला पॉइंट होता?

मग १८९६ चा प्लेग आला. ज्या बंगल्याच्या आवारात पाऊल टाकायची गरिबाची छाती नव्हती, तिथे प्लेगच्या रोग्यांसाठी खाटा पडल्या. १० जानेवारी १८९७ ला आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणाऱ्या शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये याच बंगल्यात आली. माझ्या लेखी बंगल्याचा खरा मोठेपणा इथून सुरू होतो; प्रिन्स ऑफ वेल्स १८७५ मध्ये इथे उतरला होता, ही बाब मला तरी किरकोळ वाटते.

म्हणून विनंती. आपल्याकडे संग्रहालय आहेच. त्यात बंगल्याची ही सगळी हकिगत मराठीतून, क्रमाने मांडावी, आणि अडचणीचा भाग गाळू नये. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. बाटलीवर क्रमांक होता ५३-एन. ठपका लस बनवणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन निलंबित झाले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुढे उजेडात आलं. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले आणि १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

गव्हर्नरांची नावं लावाल तिथेच ५३-एनचीही पाटी लावा. आणि निदान रविवारी फाटक उघडं ठेवा. परळ-लालबागची पोरं चालत येतील.

आपला,
परळचा एक रहिवासी